स्तनाच्या रेडिएशनमध्ये त्वचा कशी जपायची? (१५ + ५ फ्रॅक्शन, मधुमेह, एप्रिलचं ऊन)

कर्वेनगरची_सून

सासूबाई, वय ६१, मधुमेह गोळ्यांवर. डाव्या स्तनातली गाठ काढली, केमो संपून चार आठवडे झाले. येत्या सोमवारी रेडिएशन सुरू होतंय: ४० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) १५ फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे १५ वेळा थोडं थोडं, मग गाठीच्या जागेला ५ फ्रॅक्शनचा बूस्ट, म्हणजे जादा मात्रा. प्लॅनिंगचा सीटी झाला, किरण कुठे द्यायचे ते दाखवायला छातीवर जांभळ्या रेघा मारल्या आहेत. अंगानं स्थूल आहेत, स्तनाखालच्या घडीत उन्हाळ्यात कायम घाम. रोज रिक्षानं जाणं-येणं. "काही लावू नका" एवढंच सांगितलंय. शेजारच्या काकू कोरफड लावा म्हणतात, गावाकडून खोबरेल तेलाचा आग्रह. शिवाय मंगळसूत्र काढायचं का, यावर घरात वाद. नेमकं काय करायचं?

लिनॅकवरचा

आधी त्रास कुठे होतो आणि का, ते बघा, म्हणजे अर्धे प्रश्न सुटतील.

६ एमव्हीच्या (ही किरणांची ऊर्जा) फोटॉन किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेवर पडत नाही, सुमारे दीड सेंटिमीटर आत पडते. त्यामुळे त्वचा बरीचशी वाचते. पण स्तनाखालच्या घडीत कातडीवर कातडी टेकते. वरचा थर खालच्या थरासाठी तेवढी जाडी पुरवतो आणि तिथल्या त्वचेला जवळजवळ पूर्ण मात्रा मिळते. त्यात घाम आणि घर्षण. म्हणून सालपट निघतं ते बहुतेक वेळा घडीत किंवा काखेत, स्तनाच्या मधोमध क्वचितच. बूस्ट इलेक्ट्रॉननं देणार असतील तर तेवढ्या गोलाची त्वचा जास्त काळवंडेल, कारण इलेक्ट्रॉन वरच्या थरालाच बरीच मात्रा देतात.

वेळापत्रकही लक्षात ठेवा. मार बसतो तो त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशींना, आणि वरचा थर झडून नवा यायला आठवडे लागतात. पहिले दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात रंग बदलतो आणि कळस येतो शेवटच्या फ्रॅक्शननंतर एक-दोन आठवड्यांनी. "ट्रीटमेंट संपली" म्हणून काळजी थांबवली जाते नेमकी तेव्हाच. तुमच्या हिशेबात सोमवारपासून सहा आठवडे धरा. (हल्ली काही रुग्णांना ५ फ्रॅक्शनमध्ये २६ ग्रे देतात. त्यांची त्वचा तर घरी गेल्यावरच बोलायला लागते.)

अंघोळ रोज, चुकवायची नाही. कोमट पाणी, तांब्यानं ओतायचं, शॉवरची धार थेट त्या भागावर नको. साबण सौम्य, बिनवासाचा. जंतुनाशक साबण, उटणं, घासणी, शिकेकाईचं पाणी त्या बाजूला नको. पुसायला जुना, धुऊन मऊ झालेला पंचा, टिपून घ्यायचं. रेघा घासायच्या नाहीत. फिकट झाल्या तर घरी पेन घेऊन गिरवायच्या तर अजिबात नाहीत, दुसऱ्या दिवशी टेक्निशियनला सांगायचं. घरी गिरवलेली रेघ दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी किरणांचा नेम चुकतो.

मंगळसूत्र: उपचार घेताना काढावंच लागतं. इतर वेळी ते कुठवर लोंबतं ते बघा. लांब असेल तर रेघांच्या आतल्या भागावर दिवसभर घासत राहतं. सहा आठवडे आखूड वाटी-मणी घाला किंवा कपाटात ठेवा. हाच नियम पर्सच्या पट्ट्याला: उजव्या खांद्यावर.

मलमपट्टी

घडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सासूबाईंचा सगळा त्रास तिथेच सुरू होणार.

ब्रा: तार नको, खालचा इलॅस्टिकचा पट्टा घडीत रुतणारा नको. एक माप मोठी, पुढून उघडणारी सुती, किंवा नुसती सुती स्लिप. तुळशीबागेत दहा दुकानं पालथी घालायची गरज नाही, बाळंतिणीसाठी ज्या मऊ सुती ब्रा मिळतात त्या चालतात. शिवण आणि लेबल उलटं करून, म्हणजे बाहेरच्या बाजूला ठेवून घातली तर टोचत नाही. ब्लाउज घट्ट असेल तर काखेची शिवण उसवून घ्या. पॉलिस्टर टाळा. स्टार्च नको.

घरी असताना दिवसातून तीन-चार वेळा १५-२० मिनिटं पाठीवर पडून डावा हात डोक्याकडे, स्तन वर उचललेला, पंखा मंद. घडी उघडी राहिली पाहिजे, खरा उपाय हाच. इतर वेळी घडीत मलमलीची चौपदरी पट्टी ठेवा, ओली वाटली की बदला. रिक्षानं जाताना दोन जास्तीच्या पट्ट्या पिशवीत. कापूस ठेवू नका, तंतू चिकटतात. टाल्कम पावडर घामात गोळे धरते आणि तीच घासते. उपचाराला टेबलवर झोपायच्या आधी पट्टी काढायची, हे विसरलं जातं.

काखेत ब्लेड नको, केस काढायची क्रीम नको, वॅक्सिंग नको. फारच अडलं तर ट्रिमर. डिओडरंट पूर्ण बंद करा हा जुना नियम आहे. शाबूत त्वचेवर साधं डिओ लावल्यानं त्रास वाढत नाही, हे चाचण्यांत दिसलंय. मात्र सालपट निघालं की बंद.

त्वचातज्ज्ञ_पुणे

कोरफडीचा अनेक चाचण्यांत फायदा दिसलेला नाही. शिवाय घरच्या पानातला पिवळा चीक कातडी चाळवतो. खोबरेल तेलानं नुकसान असं नाही, पण रेघा पुसतात आणि घडीत ओल अडकते. हळद-चंदनाचा लेप तर नकोच. तो काढताना घासावं लागतं आणि पिवळ्या रंगाखाली त्वचा कशी आहे ते दिसत नाही.

उपयोगाचं सिद्ध झालेलं औषध म्हणजे मोमेटासोन ०.१ टक्के क्रीम. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही प्रतिबंधासाठी अशा स्टेरॉइड क्रीमची शिफारस आहे. पहिल्या फ्रॅक्शनच्या दिवसापासून रोज एकदा, शेवटच्या फ्रॅक्शननंतर एक-दोन आठवड्यांपर्यंत. बोटाच्या शेवटच्या पेरावर काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, त्यात दोन तळव्यांएवढा भाग होतो. तुमच्या भागाला दोन ते तीन पेरं पुरतील. पांढरा थर दिसला तर जास्त झालं. हे रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि नेमकं "मोमेटासोन चालेल का" असं विचारा. "काही लावू का" विचारलं की "नको" हेच उत्तर येतं.

मेडिकलवाला क्लोबेटासोल (दुसरं, फार तीव्र स्टेरॉइड) + अँटिबायोटिक + बुरशीनाशक अशी मिश्र ट्यूब देईल, ती घेऊ नका.

आणि मधुमेह असल्यामुळे सोमवारच्या आधीच घडी नीट बघा. पांढुरकी ओल, कडेला सुटे लाल ठिपके, खूप खाज असेल तर ती बुरशी आहे. त्यावर नुसतं स्टेरॉइड लावलं की पसरते. आधी क्लोट्रिमाझोल (बुरशीनाशक क्रीम), मग बाकीचं.

सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. रंग जांभळट-काळपट होणं, हाताला ऊब लागणं, कातडी ताणल्यासारखी वाटणं, केसांच्या मुळांशी बारीक पुरळ: ही सुरुवात समजा. "लाल झालं नाही" म्हणून फसू नका.

कर्वेनगरची_सून

क्रीम लावून किती वेळानं रेडिएशन घ्यायचं? आणि त्वचेवर चिकटवायच्या सिलिकॉनच्या पातळ फिल्मबद्दल ऐकलं, ती खरंच चालते का?

लिनॅकवरचा

पातळ, जिरलेल्या क्रीमनं मात्रेत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा थर मात्र मी वर सांगितलेल्या घडीसारखंच काम करतो. सोपा मार्ग: उपचार सकाळी असेल तर क्रीम संध्याकाळी. तुमच्या केंद्राचा नियम वेगळा असेल तर तोच पाळा, तिथे वाद घालू नका.

मलमपट्टी

फिल्म चालते. मेपिटेल या फिल्मनं स्तनाच्या रुग्णांत ओलं सालपट (कातडी निघून खाली पाझरणं) कमी होतं, हे चाचण्यांत दिसलंय. पण ती पहिल्या फ्रॅक्शनच्या आधी लावायची, त्रास सुरू झाल्यावर नाही. कोरड्या त्वचेवर, आधी काही न चोपडता, न ताणता. ताणून लावली की कडेला फोड येतात. कोपरे गोल कापायचे. अंघोळ चालते. एक-दोन आठवड्यांनी किंवा कडा सुटल्यावर बदलायची. महाग आहे, त्यामुळे सगळीकडे जमलं नाही तर निदान घडी आणि काखेपुरती. जिथे फिल्म तिथे क्रीम नाही. आणि टेक्निशियनला आधी विचारा, कारण रेघा तिच्याखाली जातील.

सालपट ओलं झालंच तर: सलाइननं (केमिस्टकडची बाटली, किंवा अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या सपाट चमच्याला किंचित कमी मीठ, रोज ताजं) धुवायचं, न चिकटणारं ड्रेसिंग ठेवायचं, वर सैल स्लिप. चिकटपट्टी रेघांच्या आत कुठेही लावायची नाही, काढताना कातडी घेऊन येते. जेन्शियन व्हायोलेट (जांभळं औषध) नको, नाहीतर खालचं काही दिसत नाही. निओमायसिन हे अँटिबायोटिक असलेली मलमं स्वतःहून नको, त्यांची अॅलर्जी वारंवार दिसते. सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावतात ते मलम) डॉक्टरांनी दिलं तर पुढच्या फ्रॅक्शनआधी पूर्ण धुऊन काढायचं. मोमेटासोन उघड्या जखमेवर थांबवा. मात्र फ्रॅक्शन स्वतःच्या मनानं चुकवू नका. थांबायचं की नाही हे डॉक्टर जखम बघून ठरवतील.

त्याच दिवशी दाखवायचं: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दुर्गंधी, हिरवट पू, रेघांच्या बाहेर पसरत जाणारी सूज, वाढत जाणारं दुखणं. मधुमेहात ताप नसतानाही जखम चिघळू शकते, त्यामुळे घडी रोज कुणीतरी प्रकाशात बघायची. त्यांना स्वतःला ती दिसत नाही. साखर आठवड्यातून दोनदा तरी तपासा. घरात मिश्री लावायची सवय असेल तर ती या काळात बंद, निकोटीन जखम भरू देत नाही.

त्वचातज्ज्ञ_पुणे

उन्हाचं राहिलं. रिक्षात डाव्या बाजूला ऊन येत असेल तर मोठ्या सुती ओढणीनं गळ्यापर्यंत झाका. उपचार चालू असताना त्या भागावर सनस्क्रीन नको, कपडाच. त्वचा पूर्ण भरल्यावर गळ्याजवळच्या उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा जास्त, निदान वर्षभर. काळेपणा काही महिन्यांत फिकट होतो. तो घालवायला गोरेपणाच्या क्रीम लावू नका.

कर्वेनगरची_सून

आजच घडी बघितली, कडेला लाल ठिपके आहेत. सोमवारपर्यंत पाच दिवस आहेत, तेवढ्यात क्लोट्रिमाझोलनं होईल?

त्वचातज्ज्ञ_पुणे

दिवसातून दोनदा, पातळ, घडी कोरडी करून. पाच दिवसांत खाज आणि ओल कमी होईल, ठिपके पूर्ण जायला दोन आठवडे लागू शकतात, तेवढे दिवस लावाच. तोवर घडीत ना फिल्म, ना मोमेटासोन. बाकीच्या भागावर मोमेटासोन चालेल. उद्याच रेडिएशनच्या ओपीडीत दाखवून घ्या, सोमवारी टेबलवर झोपल्यावर सांगू नका.