गेल्या दहा वर्षांत तुमच्या घरात काय सुधारलं, काय नाही? अनुभव लिहा

माझी आई ७८ वर्षांची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, तेव्हापासून ती दर महिन्याला पंढरपूरहून सांगोल्याला मावशीकडे जाते. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. ती सगळी तिकिटं तिने देवघरातल्या डबीत जपून ठेवली आहेत. आधी दोघी बहिणींची वर्ष-वर्ष भेट व्हायची नाही. भाड्याचे पैसे मागायला तिला संकोच वाटायचा, आणि हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं.

त्याच घरात माझ्या मुलाची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. पगार वेळेवर होतो, पण तेवढ्यावर घराचं कर्ज काढायची हिंमत होत नाही. म्हणून आयुष्य सुधारलं का, असं कुणी विचारलं की मी अडखळते. देशाचं काय झालं यावर सगळेच बोलतात. इथे आपल्या घरातलं लिहा. एखादी वस्तू, एखादा खर्च, एखादी मोडलेली सवय.

सांगलीहून

आई पंचवीस वर्षं भाजीची गाडी लावते. पूर्वी पहाटे सौद्याला जायच्या आधी एकाकडून पैसे उचलायची. हजार म्हणून हातात नऊशे यायचे आणि रात्री हजार परत द्यायचे. रोजचे शंभर त्या माणसाचे. करोनात गाडी बंद पडली. मग २०२० मध्येच फेरीवाल्यांसाठी स्वनिधीचं कर्ज निघालं, पहिलं दहा हजारांचं, विनातारण. ते फिटल्यावर वीस हजारांचं मिळालं. त्यानंतर तो माणूस आमच्या दारात आलेला नाही. माझ्यासाठी सुधारणा म्हणजे ही, कुणी काही म्हणो.

मग गाडीवर क्यूआर लागला आणि बोलणारा डबा आला. ‘चाळीस रुपये प्राप्त झाले.’ आईला वाचता येत नाही, त्यामुळे त्या आवाजाचा तिला फार आधार आहे. नुसता मोबाईल हलवून कुणी निघून जाऊ शकत नाही.

पण एक गोष्ट गेली. पूर्वी आई घरी आली की कमरेची पिशवी फरशीवर ओतायची. नोटा सरळ करायची, नाण्यांच्या चवडी लावायची, आणि कुणाचं लक्ष नसताना त्यातले वीस-तीस रुपये तांदळाच्या डब्यात जायचे. माझी दहावीची फी, कॉलेजचे फॉर्म, पहिली सायकल, सगळं त्या डब्यातून निघालं. आता पैसा खात्यात जमा होतो. खातं आईच्या नावावर आहे, पण त्याला जोडलेला नंबर भावाचा आणि एटीएम कार्डही त्याच्याकडे. भाऊ वाईट नाही, मागितले की देतो. पण मागावे लागतात. परवा मी डब्यात हात घातला तर नुसते तांदूळ होते.

हिंगोली जिल्ह्यातून

वडिलांना दोन वर्षांपूर्वी साप चावला. १०८ ला फोन केला आणि गाडी वस्तीपर्यंत आली. आजोबांना असंच झालं तेव्हा बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं होतं आणि ते वाटेतच गेले. वडील आज अंगणात बसलेत. सातबाराही आता पंधरा रुपयांत मोबाईलवर निघतो, तलाठ्याला शोधत फिरावं लागत नाही. चांगलं ते चांगलं म्हटलंच पाहिजे.

आता शेतीचं. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. आमचा माल खळ्यावर यायच्या आत भाव पडला. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता. ट्रॉली भरून सरकारी खरेदी केंद्रावर नेली, त्यांनी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, ओलावा जास्त निघाला आणि माल घेतला नाही. काढणीला पाऊस होता, दाणा कोरडा कुठून होणार? ट्रॉलीचं भाडं अंगावर घेऊन मोंढ्यात ४,१०० ने दिलं. मुलगा सोबत होता. परतताना तो म्हणाला, बाबा, मी शेती करणार नाही. मी काहीच बोललो नाही.

यवतमाळ जिल्ह्यातून

आमच्याकडे उज्ज्वलाचा गॅस आहे. चहा, दूध, पाहुणे आले तर पोहे गॅसवर. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण सिलिंडर तीन महिने पुरवायचा असतो. तरीसुद्धा सकाळी बाळाचं दूध गरम करायला फुंकणी घेऊन बसावं लागत नाही, हे लहान सुख नाही.

लातूरहून

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी आठवीत होते. शाळेतून आलं की दप्तर टाकून घागरींच्या रांगेत उभं राहायचं. अभ्यास रांगेतच. आता आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा का होईना नळ येतो आणि गच्चीवर दोन टाक्या आहेत. सासरी नळ रोज येतो, पण पाणी भांड्यात अर्ध्यावर आलं की माझा हात अजून आपोआप तोटी बंद करतो.

डोंबिवलीहून

भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आलो. जाऊन-येऊन साडेतीन तास लोकलमध्ये. मुलीला झोपलेलीच सोडते आणि झोपलेलीच बघते.

पुण्याहून

वय ३१, सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षेची तयारी. गावी शिकवणीला मास्तर मिळत नव्हता, आता राज्यातल्या उत्तम शिक्षकांची व्याख्यानं फोनवर फुकट ऐकतो. माझ्या वडिलांना हे मिळालं असतं तर ते कुठे पोचले असते, असं नेहमी वाटतं. पण अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर चार वर्षांत पाच जण बदलले. त्यातला एकच नोकरीला लागला. बाकीचे रिकाम्या हाताने गावी गेले, जाताना पुस्तकं मला देऊन गेले. गावाकडून फोन आला की आई आधी विचारते, जेवलास का. निकालाचं विचारणं तिने बंद केलंय, आणि ते जास्त लागतं.

सांगलीहून, पुन्हा

वरचे अनुभव काल रात्री आईला वाचून दाखवले. हिंगोलीचं ऐकताना ती दोनदा थांब म्हणाली. मग मी विचारलं, खात्याला तुझाच नंबर जोडायचा का? भाऊही हो म्हणाला. आज गाडी दुपारनंतर लावायची ठरवून आम्ही दोघी बँकेत गेलो. अंगठा मशीनवर उमटेना. भाज्या निवडून, जुड्या बांधून तिची बोटं गुळगुळीत झालीयेत. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, दुसऱ्या हाताचं बोट लावलं, चौथ्या वेळेला लागलं. जातानाच तिने दुकानातून बटणांचा साधा फोन आणि स्वतःचा नंबर घेतला होता. संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, डबा बोलला, आणि लगेच तिच्या पिशवीत फोन वाजला.