मूत्रपिंडाच्या गाळणीचं मॉडेल: माझं सगळं अल्ब्युमिन पाच तासांत वाहून जातंय

केमिकलवाली:
एम.टेक.च्या प्रोजेक्टला ग्लोमेरुलसच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या, गाळणीचं मॉडेल घेतलंय. विषय मीच मागून घेतला. धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिन गळण्याचा आजार झाला होता. आई रोज सकाळी त्याची लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन वरचा भाग गॅसवर तापवायची. स्वच्छ राहिली तर वहीत शून्य, नासलेल्या दुधासारखी झाली तर तीन प्लस. ती वही अजून आहे.

मॉडेलमध्ये ५ नॅनोमीटर त्रिज्येची सरळ छिद्रं आणि ३.६ नॅनोमीटर त्रिज्येचा अल्ब्युमिनचा (रक्तातल्या मुख्य प्रथिनाचा) कडक गोळा धरलाय. गोळ्याला मिळणारी जागा (१ − ०.७२)², म्हणजे जवळपास ८ टक्के. दिवसाला १८० लिटर गाळलं जातं, लिटरमागे ४० ग्रॅम अल्ब्युमिन. रोज ५७६ ग्रॅम गेलं! रक्तद्रवात असतं जेमतेम १२० ग्रॅम. छिद्र बारीक केलं की आकडा जुळतो, पण ते पटत नाही. कुठं चुकतंय?

जाळीदार:
छिद्र बारीक करू नका, मुळात तिथे नळीच नाही. आधी एंडोथेलियमच्या (केशवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) खिडक्या, मग सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचं बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे कोलॅजन-लॅमिनिनचं पाणीदार जेल, आणि शेवटी बाहेरून कवटाळणाऱ्या पोडोसाइट पेशींच्या पायांमधल्या फटीवरचा पडदा, स्लिट डायफ्राम. जेलला तंतूंचं जाळं धरा. थर एकापाठोपाठ आहेत, त्यामुळे स्लिटनं अडवलेलं जेलमध्ये साचतं. थर सुटे सुटे सोडवलेत तर हे निसटेल.

आकाराशिवाय विद्युतभारानंही अल्ब्युमिन अडतं का म्हणाल तर, १९७० च्या दशकात ब्रेनर आणि डीन यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की त्याच आकाराचं ऋणभारित डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) भाररहितापेक्षा कितीतरी कमी गळतं. पण डेक्स्ट्रान लवचिक साखळी आहे, अल्ब्युमिन तशी नाही. त्या आकड्यांवर डोळे झाकून मॉडेल बसवू नका.

पॅथलॅबकर:
एक सांगू? लघवीतल्या अल्ब्युमिनशी तुलना करू नका. दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत दिसतं, कारण गाळणीच्या पुढच्या नळीत, प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमध्ये, मेगालिन आणि क्युबिलिन हे रिसेप्टर ते परत उचलतात. काचेच्या सुईसारख्या पिपेटनं थेट ट्यूब्यूलमधून थेंब काढून उंदरांत सिव्हिंग कोएफिशियंट (गाळलेल्या द्रवातलं अल्ब्युमिनचं प्रमाण भागिले रक्तद्रवातलं) मोजलाय, तो ०.०००६ च्या आसपास आला. तुमच्या हिशेबात तो घाला, रोज ४ ग्रॅमच्या थोडं वर येईल. तिथं पोचायचं.

केमिकलवाली:
४ ग्रॅम! मी इतके दिवस ३० मिलिग्रॅमच्या मागे धावत होते.
काल प्रवाह निम्मा केला तर सिव्हिंग कोएफिशियंट उलट वाढला. कोडमध्ये गडबड आहे का?

जाळीदार:
नाही, कोड बरोबर आहे. पाणी हळू गेलं की पेक्ले नंबर, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणं आणि विसरणानं पसरणं यांचं गुणोत्तर, घटतो. अल्ब्युमिन विसरणानं पलीकडे झिरपतंच, पण त्याला पातळ करायला पाणी कमी असतं. भावाच्या आजारात पोडोसाइटचे पाय सपाट होतात, स्लिटची एकूण लांबी घटते. पाण्याची वाट अरुंद होते, तरी प्रथिन गळतं. पुढचा रन तोच करा, स्लिट निम्म्या ठेवून.

केमिकलवाली:
आज रात्रीच लावते. जेलची जाडी तशीच ठेवू, की पायांचा दाब सुटल्यावर ते फुगतं असं धरू?