मदत हवी आहे: १३११ पायऱ्या, सहा जण आणि एकीला मागे सोडायचं नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑफिसातले सहा जण मार्चमध्ये सिएटलच्या 'बिग क्लाइंब'मध्ये भाग घेतोय. कोलंबिया सेंटर या उंच इमारतीच्या आतल्या जिन्याने ६९ मजले चढायचे, १३११ पायऱ्या. जमलेले पैसे रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या 'ब्लड कॅन्सर युनायटेड'ला (पूर्वीची ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी) जातात. मी पुण्याची, त्यामुळे आकडा ऐकल्याबरोबर पर्वतीचा हिशेब केला. १०३ पायऱ्या धरल्या तर जवळजवळ तेरा वेळा पर्वती, आणि मध्ये कुठे उतार नाही.

हे सगळं ठरलं ते एका सहकारी मैत्रिणीमुळे. ती ५८ वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा ल्युकेमियाने गेला. नाव नोंदवायचं तिनेच सुचवलं, आम्ही पाच जण तिच्या मागून आलो. डॉक्टरांना विचारून झालंय, हृदय आणि बीपी ठीक आहे. सवय मात्र अजिबात नाही.

मंगळवार-गुरुवारी ऑफिसच्या फायर एक्झिटच्या जिन्यात सराव करतो. सहा मजले, पण जिन्यातून मधल्या मजल्यावर दार उघडत नाही, त्यामुळे वर गेलं की लिफ्टने खाली. तिथे तिचं बरं चाललंय. गाडी अडते शनिवारी. कॅपिटल हिलजवळच्या हाऊ स्ट्रीटच्या पायऱ्यांवर जातो, ३८८ आहेत. तिथे लिफ्ट कुठली, चढलं तेवढं उतरावं लागतं. त्यात जानेवारीचा पाऊस, कडेला शेवाळं.

गेल्या शनिवारी तीन फेऱ्या ठरल्या होत्या. फेऱ्या मोजायला ती डाव्या मनगटात केसांचे रबरबँड घालते आणि फेरी झाली की एक उजव्या हातात सरकवते. आम्ही तिसरी संपवून उतरलो तेव्हा ती मधल्या सपाट जागेवर रेनकोट अंगाखाली घेऊन बसली होती. डाव्या मनगटात अजून दोन रबरबँड होते. म्हणाली, "तुम्ही चढा, मी पैसे गोळा करते." मला फार वाईट वाटलं. चूक आमची आहे. टीममधले दोघे तरुण पळतच सुटतात, मीही त्यांच्या नादाला लागले आणि ती एकटी पडली.

तिला सोबत घेऊनच वर पोचायचंय. चाळीस मिनिटं लागली तरी चालतील. सहा आठवडे आहेत.

उतरताना तिचे गुडघे दुखतात, चढताना पोटऱ्या भरून येतात. शनिवारचा सराव बंद करून फक्त लिफ्टवाल्या जिन्यात करावा का? आणि वेग वेगवेगळा असताना सहा जणांनी एकत्र सराव करायचा कसा? ज्यांनी अशी चढाई केली आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, शनिवारच्या पायऱ्या निदान तिच्यापुरत्या बंद करा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. तिथे चढाईच्या दिवशी खाली लिफ्टनेच आणतात, मग उतरायचा सराव हवाय कशाला? पोटऱ्यांसाठी आख्खं पाऊल पायरीवर टेकवायला सांगा, नुसत्या चवड्यावर चढू नये. कठडा धरून हातानेही ओढ घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पहिले दहा मजले इतके हळू की बोलता आलं पाहिजे. बंद जिन्यातली हवा कोरडी असते, वर पोचल्यावर खोकला येतो, तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर मात्र तिथेच थांबायचं.

आणि सह्याद्रीत ट्रेकला करतो तेच करा. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे.

धागाकर्ती

मनापासून आभार. पुण्यात असताना राजगडला आम्हीही असंच जायचो, इथे येऊन कसं विसरले कोण जाणे. आत्ताच तिला फोन केला. मंगळवारी सहा मजल्यांच्या पाच फेऱ्या, ती पुढे. दोघा तरुणांना घाई असेल तर त्यांनी आमच्या आधी येऊन त्यांच्या फेऱ्या उरकायच्या आणि मग आमच्या मागे लागायचं, हे मी त्यांना सांगितलंय, दोघेही हो म्हणाले. आता एकच विचारायचंय: ६९ मजल्यांसाठी सहा मजल्यांच्या बारा फेऱ्या लागतील, तर पाच फेऱ्यांवरून बारापर्यंत दर आठवड्याला किती वाढवू?