हात खाली सोडून खेळायची स्टाइल, दोन महिन्यांतच?

म्हापसेकर: भाचा 15 वर्षांचा, बॉक्सिंगला दोन महिने झाले. मुहम्मद अलीसारखे हात खाली सोडून नाचतो, सर ओरडतात. स्टाइल आत्ताच मोडायची का?

डावाजॅब: मोडायला आधी घडायला हवी ना! अलीने 1960 मध्ये रोमला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं 18व्या वर्षी, पण शिकायला लागला होता 12व्या वर्षी. अंतराचा अंदाज पक्का असेल तरच हात खाली चालतात. नवख्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, गालाशी न परतता छातीशी परततो आणि त्या फटीतून समोरच्याचा उजवा थेट जबड्यावर.

फोंडेकर: पाय बघा आधी. फरशीवर खडूने रेघ ओढा, दोन्ही बाजूंना एकेक पाय, मागची टाच किंचित वर. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा. पाय जवळ आले की साधा धक्काही पाडतो. तीन मिनिटांचे तीन राउंड, फक्त जॅब. मिरामार किनाऱ्याच्या वाळूत नको, पाय रुततो, टाच वळत नाही.

डावाजॅब: आणि पावसात हातपट्ट्या रोज धुऊन पंख्याखाली. ओल्या पट्टीने बोटांमधली कातडी सोलते.

म्हापसेकर: खडू आणतो आजच. देव बरें करूं!