ब्रॅडबरीचं सुवर्ण 'लॉटरी' म्हणणाऱ्यांना

शेवटचंवळण:
काल एका प्रतिसादात वाचलं, "शॉर्ट ट्रॅक म्हणजे बर्फावरची लॉटरी. २००२ मध्ये सगळ्यात मागे असलेला ब्रॅडबरी सुवर्ण घेऊन गेला, याला खेळ म्हणायचं?" शॉर्ट ट्रॅक म्हणजे बर्फाच्या छोट्या रिंगणात सगळे एकत्र धावतात ती स्केटिंगची शर्यत, आणि ब्रॅडबरी म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्केटर. डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

सॉल्ट लेक सिटीचं हिवाळी ऑलिंपिक, १००० मीटरची अंतिम फेरी. शेवटच्या वळणावर अमेरिकेचा ओनो, ली जियाजुन, आन ह्यून-सू, तुर्कोत एकापाठोपाठ आडवे, आणि मागून ब्रॅडबरी एकटा उभा. तेवढी क्लिप सगळ्यांनी पाहिलीय. १९९४ मध्ये माँट्रियलला दुसऱ्याच्या स्केटचं पातं त्याच्या मांडीत घुसलं, १११ टाके पडले, चार लिटर रक्त गेलं, ते कोणी बघत नाही. २००० मध्ये सरावात मान मोडली. तरी माणूस परत बर्फावर उतरला! पुढचे चौघे आपल्यापेक्षा वेगवान आहेत हे त्याला माहीत होतं, म्हणून तो ठरवून मागे राहिला. १११ मीटरच्या रिंगणात पाच जण घुसले की धडक होणारच, हे ओळखणं म्हणजे खेळ कळणं.

घड्याळवाला:
साफ असहमत. उपांत्यपूर्व फेरीत तो तिसरा होता, पुढचा कॅनडाचा गान्यों बाद झाला म्हणून पुढे गेला. उपांत्य फेरीत पुढचे पडले म्हणून पुढे गेला. अंतिम फेरीतही तेच. एकाच रात्रीत तीनदा दुसऱ्यांच्या चुकीवर पुढे सरकणं याला डाव म्हणत नाहीत. टाक्यांबद्दल आदर आहे, पण पदक टाक्यांसाठी नसतं. ४०० मीटरच्या मोठ्या ट्रॅकवरच्या स्केटिंगमध्ये घड्याळ निकाल देतं, तो खरा खेळ.

चाकवालीआई:
पडण्याचं सोडा हो, खरा घोळ पंचांचा. चारच दिवसांनी १५०० मीटरमध्ये कोरियाचा किम डोंग-सुंग पहिला आला. मागून ओनोने अडवलं गेल्यासारखे हात वर केले आणि बाद झाला किम!
माझी मुलगी पुण्यात इनलाइन, म्हणजे चाकांवरचं स्केटिंग करते. मागच्या वर्षी एका स्पर्धेत वळणावर मागचीने ढकललं, ही पडली, गुडघा सोलला, आणि 'अडथळा' म्हणून बाद हिलाच केलं. मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवायला गेले तर "पालकांनी आत यायचं नाही". घरी येऊन तिने चाकं पुसली, स्केट पिशवीत भरले, आणि ती पिशवी तीन आठवडे उघडली नाही.

जुनापंच:
ताई, किमचा निर्णय बरोबर होता. ओनो आतून काढत असताना तो आत सरकला. मागच्याने सांभाळून ओलांडायचं हे खरं, पण पुढच्यानेही आडवं यायचं नसतं. मी वीस वर्षं रिंकवर उभा राहिलोय. प्रत्येक आईला आपलं पोर ढकललं गेलेलंच दिसतं.

चाकवालीआई:
हे वाक्य परत घ्या. मी तिथे होते, तुम्ही नव्हता. आणि किमचं म्हणाल, तर त्याच शर्यतीत धावलेल्या इटलीच्या कार्तालाही तो निर्णय पटला नव्हता. तो काय किमची आई होता?

घड्याळवाला:
कोरियन लोक ते विसरलेही नाहीत. त्याच जूनमध्ये देगूला फुटबॉल विश्वचषकात अमेरिकेवर गोल केल्यावर आन जुंग-ह्वानने मैदानातच स्केटिंगची नक्कल केली होती. निकाल माणसाच्या नजरेवर सोडला की असंच होणार, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

शेवटचंवळण:
अहो, पंच व्हिडिओ बघून निर्णय द्यायला लागल्यावर तरी काय झालं? २०२२ ला बीजिंगमध्ये १००० मीटरला हंगेरीचा लिऊ शाओलिन पहिला आला, पिवळं कार्ड मिळून बाद झाला, सुवर्ण चीनच्या रेन झिवेईला. भांडण चालूच. धागा ब्रॅडबरीवर आहे, परत या.

घड्याळवाला:
येतो. हे सुवर्ण त्या दीड मिनिटासाठी नाही, दहा वर्षांच्या कष्टांसाठी घेतो, असं तो स्वतःच म्हणाला होता. त्याला नावं ठेवणार नाही, एवढं मान्य. खेळाला ठेवणार.

चाकवालीआई:
जुनापंच, तुम्ही उत्तर दिलं नाही. बाद का केलं हे दहा वर्षांच्या मुलीला समोर उभं करून सांगायला किती वेळ लागतो?

जुनापंच:
दोन मिनिटं. पुढची शर्यत उभी असते म्हणून आम्ही सांगत नाही. ते चुकतं आमचं. आईबद्दलचं वाक्य मागे घेतो. किम मात्र बादच.