मदत हवी आहे: झबल्याचा गळा फाकतोय

नमस्कार. आयुष्यात पहिल्यांदाच काही शिवायला बसले आहे. ताईला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे आणि त्याचं पहिलं झबलं माझ्या हातचं असावं अशी फार इच्छा आहे. कापड आजीच्या जुन्या सुती साडीचं घेतलंय. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की बाजारातलं कुठलंच कापड मला त्याच्या तोडीचं वाटत नाही. म्हणूनच ते वाया जाऊ नये असं वाटतं.

खांदे जुळले, पाठीमागचे बंदही झाले. अडलंय ते गळ्यापाशी. तिथे 3 सेंमी रुंदीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली, तर गळा ताणला जाऊन लाटेसारखा झाला. दोनदा उसवलं, आता कापड विरायला लागलंय. पट्टी लावण्याआधी गळ्याभोवती धावदोरा घालून घ्यावा का? आणि पट्टी लावताना ओढून धरायची की सैल सोडायची?

मशीन आईचं, पायाचं आहे. सुई 14 नंबरची आहे. इतक्या तलम कापडाला 11 नंबर लावावी का? टीप सुरू करताना खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंताही होतो. वरचा दोरा पुन्हा ओवून पाहिला, तरी तेच.

काखेतली शिवण बाळाला टोचू नये म्हणून कडा आत बंद होणारी दुहेरी शिवण घालायची आहे. एवढ्या लहान वळणावर ती नीट बसते का? कुणी झबली शिवली असतील तर कृपया सविस्तर सांगा.