मदत हवी आहे: हापूसच्या पानांतून स्वच्छ डीएनए मिळत नाही

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हापूसच्या पानांतून सीटॅब (पेशी फोडणारा एक डिटर्जंट) पद्धतीने डीएनए काढते आहे. तीन आठवडे झाले, दर वेळी तळाशी तपकिरी, चिकट थर बसतो. टीई बफरमध्ये (डीएनए ज्यात साठवतात त्या द्रावणात) नीट विरघळतही नाही. प्रकाश शोषणावरून शुद्धता सांगणारी गुणोत्तरंही कमीच: २६०/२८० हे १.५ च्या आसपास, २६०/२३० तर जेमतेम ०.७. पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला) जेलवर बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, येत नाही, पण नमुना ५० पट पातळ केला की फिकट बँड दिसतो. म्हणजे डीएनए आहे, सोबत आलेली पॉलिफेनॉल्स (तपकिरी रंग आणणारी द्रव्यं) आणि पॉलिसॅकराइड्स (चिकट शर्करा) आड येताहेत, असं मला वाटतं.

आमच्याकडे लिक्विड नायट्रोजन नाही. उणे २० अंशांवर गारठवलेल्या खलात १०० मिलिग्रॅम पान वाटते. बफरमध्ये २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १ टक्का पीव्हीपी (पॉलिफेनॉल्स धरून ठेवणारं), ०.२ टक्के बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (तपकिरी होणं रोखणारं); ६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) एकदाच.

मीठ २.५ मोलरपर्यंत वाढवू, की आधी वाटलेलं पान सॉर्बिटॉल बफरने धुऊन घेऊ? दोन्ही एकदम बदललं तर नेमकं कशाने जमलं ते कळणार नाही. आणि पानं कोवळी तांबूस घेऊ की जून? आंबा, काजू, कोकम यांवर काम केलेल्यांनी कृपया सांगा. साठवलेली पानं आता थोडीच उरली आहेत.